उजवीकडून पहिली

आमच्या शाळेच्या वार्षिक अंकाला दोन मुखपृष्ठं असतात. शाळा उर्दू माध्यमाची. उजवीकडून अंक उघडला की उर्दू विभाग सुरू होतो, डावीकडून उघडला की मराठी. दोन्ही विभाग कुठेतरी मध्ये भेटतात आणि त्या पानावर बहुतेक वेळा कुठल्यातरी कापड दुकानाची जाहिरात असते. मराठी विभाग माझ्याकडे. मजकूर गोळा करणं, शुद्धलेखन तपासणं, आणि गेली काही वर्षं फोटोसुद्धा, कारण फोन माझा बरा आहे.

त्या वर्षी मराठी बाजूच्या मुखपृष्ठावर 27 फेब्रुवारीचा, म्हणजे मराठी भाषा गौरव दिनाचा फोटो घ्यायचं ठरलं. सातवीच्या पाच मुली ओळीत उभ्या राहून मराठीतून वाचन करतायत, मागे भिंतीवर मुलींनीच रंगवलेला फलक. फोटो मीच काढला होता. मुलींचे चेहरे छान आले होते. तरीही तो काही केल्या मुखपृष्ठासारखा दिसेना.

कारण उजवी बाजू. तिथे वर्गाचं दार उघडं होतं आणि बाहेरच्या उन्हाने दाराच्या जागी पांढराफटक पट्टा झाला होता. दाराशेजारी पाण्याचा निळा ड्रम, त्याला साखळीने बांधलेला स्टीलचा ग्लास. आणि ड्रमच्या पुढे पाचवी मुलगी, अर्धी उन्हात, अर्धी सावलीत. बाकी चौघी हातातल्या कागदाकडे किंवा समोर बघतायत, ही मात्र दुसरीकडेच, शेजारणीच्या तोंडाकडे. चेहरा आमच्याकडे जेमतेम अर्धा. मुखपृष्ठावरची चौकट जवळजवळ चौरस होती आणि फोनचा फोटो आडवा, चारास तीन या मापाचा. म्हणजे कुठूनतरी साधारण चौथा भाग कापायचाच होता. फोनवर क्रॉपची चौकट उघडली, उजवी कड बोटाने आत ढकलली, दार गेलं, ड्रम गेला, ग्लास गेला. पाचवी मुलगीही गेली. फोटो एकदम सुधारला. खरं सांगते, मला त्या क्षणी आनंद झाला होता.

हा आनंद मला लहानपणापासून ओळखीचा आहे. माझ्या मामूंचा फोटो स्टुडिओ होता, बसस्टँडसमोर, आता तिथे मोबाइलचं दुकान आहे. सुट्टीत मी तिथे जाऊन बसायची. मामूंकडे काळ्या पुठ्ठ्याचे दोन तुकडे असत, इंग्रजी एलच्या आकारात कापलेले. छापलेल्या फोटोवर ते दोन तुकडे समोरासमोर ठेवायचे आणि सरकवत राहायचं. मधली खिडकी लहान होते, मोठी होते, उभी होते, आडवी होते. फोटो तोच, पण प्रत्येक खिडकीत वेगळं काहीतरी दिसतं. मोठा करायला द्यायचा फोटो असा पाहून ठरवला की मग पेन्सिलीने मागे खुणा.

मामू शिकवायचे असं नाही, बडबडायचे. "चेहरा तो सब देखते हैं, तू पहले चारों कोने देख." कोपऱ्यात काही चमकत असेल तर नजर तिकडेच पळते, म्हणून उजळ डाग कडेला ठेवू नये. माणूस ज्या दिशेला बघतोय त्या दिशेला थोडी जागा मोकळी सोडावी, नाहीतर तो भिंतीवर नाक आपटल्यासारखा दिसतो. आणि सांध्यावर कधी कापू नये. मनगट, कोपर, गुडघा, घोटा, इथे कड आली की हात किंवा पाय तोडल्यासारखा वाटतो. कापायचंच तर दंडावर कापा, मांडीवर कापा. आज फोनच्या क्रॉपमध्ये नऊ घरांची जाळी येते, दोन उभ्या, दोन आडव्या रेघा. जिथे रेघा एकमेकींना छेदतात तिथे डोळे किंवा चेहरा आणावा, असं आता मुलंसुद्धा सांगतात. मामूंनी ती जाळी कधी पाहिली नसेल, पण त्यांचे फोटो तिच्यात बरोबर बसतात. मी बसवून पाहिलेत.

मामूंकडे एक काम नेहमी यायचं. घरात कुणी वारलं की लोक लग्नातला किंवा ईदचा ग्रुप फोटो घेऊन येत आणि म्हणत, यातून फक्त यांचा मोठा करून द्या. आमच्यात कित्येक घरांत फोटो भिंतीवर लावत नाहीत. माझ्या दादीला तर नमाजच्या खोलीत कॅलेंडरवरचं चित्रही चालत नसे, ते ती पालथं करून ठेवायची. पण पेटीत, कपाटात, कुराणाच्या रिहलपासून लांब कुठेतरी, एक फोटो सगळ्यांना हवाच असतो. तर ग्रुपमधून एक माणूस बाहेर काढायचा म्हटलं की हमखास त्याच्या खांद्यावर कुणाचातरी हात असायचा. शेजारचा माणूस कापला जातो, हात राहतो. मामू बारीक ब्रश घेऊन तो हात रंगात बुडवून टाकायचे. शेरवानीचा काळा रंग असेल तर सोपं. पांढरा कुर्ता असेल तर दोन दिवस.

हे सगळं मला माहीत होतं. तरी अंक छापून आला तेव्हा मुखपृष्ठावर चौथ्या मुलीच्या खांद्यावर एक हात होता. मनगटावर कापलेला.

मला तो दिसला नव्हता. पाच-सहा वेळा प्रूफ पाहिलं होतं, ऱ्हस्व-दीर्घ शोधत होते.

ती पाचवी मुलगी मधल्या सुट्टीत माझ्याकडे आली. तिचं नाव इथे लिहीत नाही, ती अजून आमच्याच शाळेत आहे. तक्रार घेऊन आली असती तर मी माफी मागितली असती आणि प्रकरण तिथेच संपलं असतं. ती आली हसत. अंक हातात, मागे दोन मैत्रिणी. मुखपृष्ठावरच्या त्या बोटांवर आपलं बोट ठेवून म्हणाली, "टीचर, ये उंगलियाँ मेरी हैं ना? देखो, मेहंदी दिख रही है." आदल्या आठवड्यात तिच्या खालाच्या मुलीचं लग्न होतं. मेहंदी खरंच दिसत होती. मैत्रिणींना पुरावा मिळाला. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "मैं बोली थी ना, मैं भी हूँ," आणि तिघी पळाल्या.

मी स्टाफरूममध्ये जाऊन मूळ फोटो पुन्हा उघडला. ती दुसरीकडे का बघत होती ते आता आठवलं, खरं तर तेव्हाही माहीत होतं. ही मुलगी चौथीपर्यंत मराठी शाळेत होती, पाचवीला आमच्याकडे आली. उर्दू लिपीत ळ आणि ण ला स्वतंत्र अक्षर नाही, त्यामुळे आमच्या मुलींची शाळा 'शाला' होते आणि पाणी 'पानी' होतं. दरवर्षी त्यावर माझा महिना जातो. त्या वर्षी मी ते काम हिच्यावर सोपवलं होतं. रोज दुपारी जिन्याखाली ती बाकी चौघींकडून 'बाळ, फळा, कमळ' घोटून घ्यायची. चौथी मुलगी सगळ्यांत घाबरट. कार्यक्रमात तिची पाळी आली आणि तिचा आवाजच फुटेना. तेव्हा हिने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि ओठातल्या ओठात तिला शब्द पुरवले. मी फोटो काढला तो नेमका त्या वेळी. चौथीच्या चेहऱ्यावर जो धीर दिसतोय, ज्यामुळे मला तो फोटो आवडला होता, तो त्या हाताचा होता.

म्हणजे फोटोतलं कारण मी कापलं आणि परिणाम ठेवला.

इथे मला स्वतःचीच आणखी एक गोष्ट सांगायला हवी, ती लपवून उपयोग नाही. जानेवारी 2020 मध्ये दावोसला पाच तरुण मुली हवामानबदलावर बोलायला जमल्या होत्या. ग्रेटा थुनबर्ग त्यांच्यात होती आणि युगांडाची व्हेनेसा नकाटेही. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने फोटो पाठवला त्यात चारच मुली होत्या, चौघी गोऱ्या. कडेला उभी असलेली नकाटे कापली गेली होती. तिने जाहीरपणे विचारलं, मला का काढलंत? संस्थेकडून खुलासा आला तो असा, की छायाचित्रकाराने घाईत, निव्वळ रचनेच्या दृष्टीने फोटो कापला, कारण तिच्या मागची इमारत नजर खेचत होती. पुढे संस्थेने चूक मान्य करून खेद व्यक्त केला. ही गोष्ट मी नववीच्या वर्गात सांगितलेली आहे, तावातावाने सांगितलेली आहे. "इमारत खटकली म्हणे!" असं म्हणून वर्गाला हसवलंही होतं.

माझ्याकडे इमारतीच्या जागी पाण्याचा ड्रम होता, इतकाच फरक.

पण मला सोपा निष्कर्षही काढायचा नाही की कापणंच वाईट. कापल्याशिवाय फोटो होत नाही. कॅमेरा उचलून आपण कुठे तोंड करतो तिथेच पहिली काटछाट होते. आँरी कार्तिए-ब्रेसाँ फोटो नंतर कापण्याच्या विरोधात होते, कॅमेऱ्यात जे दिसलं तेच पूर्ण छापावं असा त्यांचा आग्रह. तरी डबक्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा त्यांचा तो प्रसिद्ध फोटो, पॅरिसचा, 1932 सालचा, कापलेला आहे. कुंपणाच्या फटीतून काढताना एका बाजूला फळी मध्ये आली होती. ती काढली नसती तर फोटोचं काही भलं झालं नसतं. फळीला नाव नव्हतं, हा मुद्दा आहे. क्युबात आल्बेर्तो कोर्दा यांनी 1960 मध्ये चे गव्हेराचा जो फोटो काढला, टी-शर्टांवर दिसतो तोच, त्याच्या मूळ चौकटीत एका बाजूला ताडाची पानं आहेत आणि दुसऱ्या बाजूला आणखी एका माणसाचा चेहरा. पानं आणि माणूस दोन्ही कापले, तेव्हा तो चेहरा जगभर गेला. फोटो म्हणून ते कापणं बरोबर होतं असं मला अजूनही वाटतं. आणि तरी तो दुसरा माणूस माझ्या डोक्यातून जात नाही.

या सगळ्यात मला उपयोगी पडला तो अर्नल्ड न्यूमनचा फोटो, संगीतकार स्ट्राव्हिन्स्कीचा, 1946 सालचा. त्यात जवळजवळ सगळी जागा पियानोच्या उघड्या झाकणाने व्यापली आहे, मोठा काळा आकार. माणूस खाली, डाव्या कोपऱ्यात, डोक्याला हात लावून बसलेला, एवढासा. मूळ फोटो याहून बराच ऐसपैस होता, न्यूमनने तो कापून असा केला. म्हणजे माणसाला कोपऱ्यात ठेवूनही फोटो त्याचाच करता येतो, उरलेल्या चौकटीने त्याच्याकडे बोट दाखवलं पाहिजे. मी उलटं केलं होतं. मुलगी कडेला आहे म्हणजे ती फोटोबाहेरची, असं धरून चालले होते.

अंक तर वाटून झाला होता. मुख्याध्यापकांकडे मी हट्ट धरला की हा फोटो मोठा करून व्हरांड्यात लावू. खर्च मी करते म्हटल्यावर ते लगेच तयार झाले. मग एका रविवारी दुपारी मी मामूंसारखे पुठ्ठ्याचे दोन एल कापले. लॅपटॉपच्या पडद्यावर धरून सरकवत बसले, मुलगा म्हणाला, अम्मी, माउसने करतात हे. त्याला कळत नाही. माउसने कापलं की कापलेलं दिसेनासं होतं. पुठ्ठ्याखाली ते असतं.

आता पहिला विचार असा आला की उजवीकडचं ठेवायचं तर डावीकडचं कापावं. पाचवी आत येते, पण पहिली बाहेर जाते. पहिली मुलगी फलकाच्या कडेला सरळ उभी, तिच्यात बघण्यासारखं विशेष काही नव्हतं. पुठ्ठा तिच्यावर सरकवला, फोटो छान दिसायला लागला. मग पुठ्ठा तिथेच धरून मी काही वेळ बसले. तिच्या आईला मी ओळखते. ती लूमवर कांडी भरायचं काम करते आणि पालकसभेला एकदाही चुकलेली नाही.

म्हणून बाजूंना हात लावायचा नाही, वर-खाली कापायचं, असं ठरवलं. वर पंखा होता, ट्यूबलाइट होती, फलकावर पाहुण्यांची नावं होती. ते सगळं गेलं. पाहुण्यांबद्दल मला काही वाटलं नाही. खाली फरशी आणि पाच जणींच्या चपला. तिथे कड मांडीवर आणली, गुडघ्यावर नाही. आता फोटो लांबट पट्टीसारखा झाला, उंचीच्या दुप्पट रुंद. चार हजार बाय दोन हजार पिक्सेल उरले, म्हणजे वीस बाय दहा इंचांवर छापला तरी फाटत नाही. उभ्या जागेतलं फालतू गेल्यावर पाचही चेहरे एका रेषेत आले आणि मधला तो हात पुलासारखा दिसायला लागला.

दाराचा पांढरा पट्टा मात्र होताच. मामू असते तर म्हणाले असते, उजळ डाग कडेला. मी तो थोडा मंद करून पाहिला, मग परत होता तसा केला. कारण मला एक वेगळंच दिसलं. इतके दिवस मी हा फोटो मराठी मुखपृष्ठासाठी, मराठी डोळ्यांनी वाचत होते. डावीकडून सुरू केलं की एक मुलगी, दुसरी, तिसरी, चौथी, आणि शेवटी पाचवी आणि दार आणि ड्रम, म्हणजे वाक्य संपल्यावर उरलेला कचरा. पण मी सकाळी दोन तास उर्दूही शिकवते. फळ्यावर माझा हात उजव्या कडेपासून निघतो. तसं उजवीकडून पाहिलं तर आधी दारातून ऊन येतं, ते या मुलीच्या गालावर पडतं, तिथून तिची नजर निघते, तिचा हात निघतो, हातावरून घाबरलेल्या मुलीचा खांदा, तिचा चेहरा, तिच्या हातातला कागद, आणि मग पुढच्या तिघी. फोटो तिच्यापासून सुरू होतो. ड्रमसुद्धा दाराशी पाणी ठेवावं तसा वाटायला लागला.

उर्दू विभागाचं मुखपृष्ठ याच फोटोचं केलं असतं तर मी कुठून कापलं असतं, हा प्रश्न मी उर्दू विभाग बघणाऱ्या सहकारी बाजींना विचारला. त्या म्हणाल्या, "ऐसा कौन देखता है, फोटो में तो सब एक साथ दिखता है." असेलही.

फ्रेमवाल्याकडे गेले तेव्हा त्याने पट्टी मोजली. वीस इंचाची तयार फ्रेम नव्हती, अठराची होती. तो अगदी मदतीच्या स्वरात म्हणाला, "मॅडम, एक साइडने दोन इंच काढून टाकू? हा ड्रमच तर आहे. रेडीमेडमध्ये बसेल, निम्म्या किमतीत होईल." ड्रमच्या दोन इंचांत तिचा खांदा आणि अर्धी वेणी होती. मी म्हटलं, नको, नवीन बनवा. त्याने पैसे खरंच दुप्पट घेतले, आणि वर आठवडा लावला.

फोटो आता व्हरांड्यात आहे, मुख्याध्यापकांच्या खोलीच्या बाहेर. लावला त्या दिवशी त्यांनी चष्मा वर करून पाहिला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "तो ग्लास नसता दाखवला तर चाललं नसतं का?" मी म्हटलं, सर, साखळीने बांधलेला आहे.

खाली नावांच्या दोन ओळी मी स्वतः लिहिल्या. मराठीतली ओळ 'डावीकडून' अशी सुरू होते, त्यात तिचं नाव पाचवं आहे. उर्दूतली 'दाएँ से' अशी सुरू होते. ती मुलगी तिथून जाताना कधी थांबताना मी पाहिलेलं नाही. चौथी मात्र थांबते.